पहिली चित्रकथा काढणाऱ्यास



हक्क, शिक्षण, नोकऱ्या, विहार यांविषयी आपण सभांतून नित्य बोलतो. आज मला तुमच्या घरातील त्या मुलीशी किंवा मुलाशी बोलावयाचे आहे, ज्यांच्या वहीची मागची पाने चित्रांनी भरलेली असतात. त्यांना चित्रांतून एक गोष्ट सांगावयाची आहे; चौकटीमागून चौकट, माणसांच्या तोंडी शब्द घालून. परंतु पहिल्याच पानावर हात अडला आहे. चेहरे वेडेवाकडे येतात, माणूस दुसऱ्या चौकटीत निराळाच दिसतो, आणि हे काम आपले नव्हे असे वाटू लागते. त्यांना माझे सांगणे असे की, ते काम तुमचेच आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, त्यांना ते पुरे करू द्यावे.

चित्रांच्या ओळीने गोष्ट सांगणे हा पोरखेळ आहे, असे ज्यास वाटत असेल त्याने भारहूतच्या स्तूपाकडे पाहावे. मध्यप्रदेशातील या प्राचीन स्तूपाचे अवशेष १८७३ साली कनिंगहॅम यांना आढळले, आणि त्याचे कोरीव कठडे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील एका वर्तुळात अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतल्याचा प्रसंग कोरला आहे. बैल सोडलेली गाडी उभी आहे, माणसे जमिनीवर नाणी पसरीत आहेत, आणि त्याच वर्तुळात अनाथपिंडिक हाती झारी घेऊन दानाचे पाणी सोडीत आहे. एकच माणूस एकाच चित्रात दोनदा आला आहे, आणि प्रसंग सांगणारी एक ओळ ब्राह्मी लिपीत कोरली आहे. चित्रकथेस याहून निराळे काय लागते? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक असेच भिंतभर उलगडत गेले आहे. ज्या धम्मात आपण प्रवेश केला, त्याचा हा वारसा आहे. आता तो तुमच्या पेन्सिलीकडे आला आहे.

त्याच शिल्पकारांकडून आणखी एक धडा घेता येतो. भारहूत आणि सांची येथे भगवान बुद्ध मनुष्यरूपात कोरलेले नाहीत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पदचिन्हे पाहून उपासकाने ओळखावयाचे. तेव्हा ज्यास बाबासाहेबांचा चेहरा साधत नाही, त्याने टेबलावर ठेवलेला चष्मा काढावा, उघडे पुस्तक काढावे. आपल्या घरातील कोणीही ते पाहून ओळखील.

आता गोष्ट कोणती घ्यावी? संपूर्ण चरित्र घेऊ नका. एकच प्रसंग घ्या. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटावयास निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. हा प्रवास चौकटींत मांडून पाहा. पहिली चौकट : चांगले कपडे घातलेली मुले फलाटावर वाट पाहत आहेत. दुसरी : स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो. तिसरी : मुलांची जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. चौथी : दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलेच हाकीत आहेत आणि गाडीवान बाजूने पायी चालला आहे. पाचवी : रात्र झाली आहे, डबा उघडा आहे, भूक आहे, पण प्यावयास पाणी नाही. सहावी : मुले उपाशीच निजली आहेत. सहा चौकटींत अस्पृश्यता म्हणजे काय हे सांगून झाले. ‘हा अन्याय होय’ असे कोठेही लिहावे लागले नाही. शब्द थोडे ठेवा. जे चित्रात दिसते ते पुन्हा अक्षरांत लिहू नका.

अशा पातळ पुस्तिकेने काय साधणार, असे विचारणारेही भेटतील. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात निग्रो जनतेने बसमधील भेदभावाविरुद्ध ३८१ दिवस बहिष्कार पाळला. तो लढा डिसेंबर १९५६ मध्ये जिंकला गेला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन महिन्यांनी. पुढल्याच वर्षी त्या लढ्याची सोळा पानांची चित्रकथा छापली गेली. ती तरुणपणी वाचून ज्यांना दिशा मिळाली, त्यांत जॉन लुईस हे एक होते. ते पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले आणि उतारवयात त्यांनी स्वतःच्या लढ्याची चित्रकथा तीन खंडांत प्रसिद्ध करविली.

रीतही आपली आपण ठरवावी. २०११ साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड परंपरेतील चित्रकारांनी ‘भीमायन’ या ग्रंथात बाबासाहेबांचे जीवन रेखाटले. त्यांनी ठरीव चौकोनी चौकटी स्वीकारल्या नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द त्यांनी पक्ष्याच्या आकारात मांडले आणि विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी दिली. ही कल्पना त्यांना त्यांच्या मातीने दिली. तुमच्या वस्तीतही अशा पुष्कळ गोष्टी असतील, त्या शोधा.

साधने फार लागत नाहीत. एका कोऱ्या कागदाला तीन घड्या घालून उलगडा, मधोमध एक काप द्या आणि पुन्हा दुमडा. आठ पानांची पुस्तिका तयार होते. मुखपृष्ठ व पाठची बाजू सोडली तर सहा पाने उरतात, आणि आपल्या चौकटीही सहाच आहेत. आधी पेन्सिलीने काढा, मग शाईने गिरवा. झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतील. चित्र बिघडले तरी पुस्तिका अर्धी सोडू नका. पुरी झालेली वाकडी गोष्ट वाचली जाते. अर्धी राहिलेली सुबक गोष्ट पेटीत पडून राहते. हात दुसऱ्या पुस्तिकेत सुधारेल, मात्र त्यासाठी पहिली पुरी व्हावयास हवी.

आणि या कामाला उशीर करू नये, याचे कारण सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्या दिवशी घरातून कोण कोण निघाले, वाटेत काय खाल्ले, परतल्यावर घरातले देव कोणी व कोठे नेऊन सोडले, हे त्यांच्याच स्मरणात आहे. दैनिकांनी ते छापले नाही. आपली माणसे दुसऱ्यांनी काढली तेव्हा बहुधा वाकलेली काढली. तुम्ही ती जशी होती तशी काढा. वाकविली गेली तेव्हाची, आणि ताठ उभी राहिली तेव्हाचीही.

म्हणून आज रात्री वही घेऊन आजीजवळ बसा. तिला एकच प्रसंग विचारा आणि तो सहा चौकटींत काढा. छापण्यापूर्वी तो तिलाच दाखवा. तिला अक्षरे वाचता येत नसली तरी चित्रे वाचता येतील. आणि कोठे चुकले तेही तीच सांगेल.

जयभीम!