कागदावरचा अजिंक्य

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेत बॉक्सिंग? असं काहींच्या मनात आलं असेल. पण गावसकर मोठा की तेंडुलकर, यावर रात्र रात्र भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय परका वाटू नये. वेगवेगळ्या काळातले खेळाडू समोरासमोर येऊ शकत नाहीत, तरी त्यांचे क्रमांक लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

अमेरिकेत हा सोस कुठवर गेला ते ऐका. मरे वोरोनर या निर्मात्यानं १९६७मध्ये जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवल्या. त्यात मुहम्मद अली हरला, तोही जेम्स जेफ्रीजकडून! जेफ्रीजची शेवटची लढत १९१०ची; अली जन्मला १९४२मध्ये. अली भडकला आणि त्यानं वोरोनरवर दावा लावला. त्यातून निघालेली तडजोड मूळ प्रकाराहून अजब होती. अली आणि रॉकी मार्सियानो यांनी मायामीत कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूचं लढायचं आणि निकाल संगणकानं द्यायचा. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यानं वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला. शेवट निरनिराळ्या तऱ्हांनी चित्रित झाले. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी मार्सियानो विमान अपघातात गेला, आणि पुढच्या जानेवारीत अमेरिकी प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं ते असं, की तेराव्या फेरीत तो अलीला लोळवतो. व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जायला नकार दिल्यामुळे अलीला तेव्हा रिंगणाबाहेर ठेवलं होतं. संगणकात आकडे भरणारी माणसं त्याच अमेरिकेतली होती, एवढंच म्हणतो.

मार्सियानोची खरी कामगिरी काय? ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. हा आकडा पाहून लोक हात जोडतात. मी जरा थांबतो. १९५१मध्ये त्यानं जो लुईला हरवलं, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि त्याचे सोनेरी दिवस सरले होते. पण १९५२ची जर्सी जो वॉलकॉटविरुद्धची लढत मात्र अस्सल. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला, गुणांवर मागे राहिला आणि तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एकाच ठोशानं जगज्जेता झाला. तिथं मी टोपी काढतो.

‘द रिंग’ मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर याची यादी वेगळीच होती. हेवीवेटमध्ये पहिला जॅक जॉन्सन. मार्सियानो थेट दहावा. सातव्या जागी सॅम लँगफर्ड. या लँगफर्डला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी एकदाही लढू दिलं गेलं नाही. कृष्णवर्णीय म्हणून गोऱ्यांनी टाळलं, आणि १९०६मध्ये त्याला गुणांवर हरवणाऱ्या जॉन्सननंही स्वतः जगज्जेता झाल्यावर पुन्हा संधी दिली नाही. नुसते पट्टे मोजणाऱ्याला हा माणूस सापडणारच नाही.

वजनाचा फरक बाजूला ठेवून तुलना करायची पद्धत रूढ झाली ती मुख्यतः शुगर रे रॉबिन्सनमुळे. वेल्टरवेटचा जगज्जेता, मिडलवेटचा पाच वेळा. जेक लामोटाशी सहा लढती, पाच जिंकल्या. जून १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्सिमशी भिडला. मॅक्सिम वजनानं सुमारे सात किलोंनी भारी. उकाडा एवढा, की दहाव्या फेरीनंतर पंचच बदलावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता. पण तेरावी फेरी संपवून कोपऱ्यात बसला तो चौदाव्या फेरीला उठूच शकला नाही. सुमारे दोनशे लढतींत मुदतीआधी हरला तो याच रात्री, आणि मोडला तो मॅक्सिमपेक्षा उन्हाळ्यानं.

त्याच्या नावावर १९ पराभव आहेत, त्यांतले बरेचसे उतारवयातले. तरीही माझ्या यादीत पहिला रॉबिन्सन, दुसरा लँगफर्ड. एकही लढत न हरलेल्या मार्सियानोला पहिल्या पाचांत जागा नाही.