परड्यातला गुंठा



साहित्याच्या मांडवात मी आज भाजीपाल्यावर बोलणार आहे. संयोजकांना तसं कळवलं होतं. त्यांना ती थट्टा वाटली.

येताना बसच्या खिडकीतून मी फलक मोजत होतो. चिकोडी येईपर्यंत अकरा झाले, आणि सगळ्यांवर एकच शब्द: गुंठा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. असे चाळीस झाले की एकर. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द पिकासोबत यायचा. 'वरच्या पाच गुंठ्यांत मिरची घाला.' आता गुंठा म्हटलं की पाठोपाठ दर येतो. निपाणीजवळ ज्या पुणे-बेंगळूर रस्त्यावर १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी ठाण मांडून बसले, गोळीबार सोसला, त्याच रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव हल्ली स्क्वेअर फुटावर सांगतात. चिकोडी जिल्हा होणार अशी नुसती आवई उठली तरी तो चढतो. त्यात २०२० साली कर्नाटकानं भूसुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, सोसायटीचं कर्ज. माझ्या वाट्याची जमीन मीही विकलीच आहे.

मला सलतं ते वेगळंच. शेत जाताना निदान आरडाओरडा होतो. बेळगावात हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शहापूर, वडगाव, अनगोळचे शेतकरी कोर्टात गेले. पण परडं गेलं तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही.

आमच्या घरामागं जेमतेम अर्ध्या गुंठ्याचं परडं होतं. न्हाणीचं पाणी दगडी पन्हळीतून आधी अळवाला, तिथून केळीला. चुलीची राख भेंडीवर. दोडक्याचा मांडव गोठ्याच्या कुडावर चढवलेला, आणि सकाळी कालवण काय करायचं हे आजी त्या मांडवाखाली मान वर करून ठरवायची. बाजाराला जायचं ते मीठ-मिरचीपुरतं. मिरचीसुद्धा बहुतेक घरचीच. आज त्या जागी फरशी आहे, फरशीवर मोटारसायकल. अळू टेम्पोतून येतं.

इथून जवळच, कोल्हापुरात, श्री. अ. दाभोलकर नावाचे गणिताचे प्राध्यापक राहत होते. आपापल्या शेतात प्रयोग करणाऱ्यांचा 'प्रयोग परिवार' त्यांचाच. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, असं त्यांनी हिशेब करून मांडलं. त्यांच्या पद्धतीनं मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून बाग उभी केली. कँटीनचा ओला कचरा तिथंच माती झाला. मुंबईला जे गच्चीत जमलं ते आम्हाला अंगणात जमेना!

जागा नाही म्हणाल, तर आफ्रिकेतली शहरं आपल्यापेक्षा झपाट्यानं वाढतायत. नैरोबीतल्या किबेरा या दाटीच्या वस्तीत परडं सोडाच, दारात खाट टाकायला जागा नाही. तिथल्या बायका पोत्यात शेती करतात. पोत्याच्या मधोमध दगडांचा खांब, म्हणजे पाणी तळापर्यंत झिरपतं, भोवती शेणमाती, आणि पोत्याच्या अंगाला भोकं पाडून त्यांत रोपं. भाजीचं नाव सुकुमा विकी, म्हणजे आठवडा ढकलून नेणारी. नाव ऐकून मला आजीच आठवली. त्या नैरोबीनं २०१५ साली शहरातल्या शेतीसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडं साखर कारखाने ढिगानं, पोत्यांना तोटा नाही. पण नव्या लेआउटच्या नकाशात शेती हा शब्द फक्त 'बिगर' लागूनच येतो.

नकाशात बागेसाठी मोकळी जागा दाखवावीच लागते. मी राहतो त्या वसाहतीतही ती आहे. पंधरा वर्षं तिथं खडी, वाळू आणि गणपतीचा मांडव, एवढंच पीक निघालंय. ती जागा वसाहतीतल्या बायकांना वाफे पाडून वाटून द्या, अशी मागणी या संमेलनानं ठरावात घालावी. सीमाभागात ठराव करायची सवय आपल्याला आहेच. एक भाजीचाही होऊ दे. कन्नड शेजाऱ्यांचीही त्यावर सही मिळेल, कारण दोडक्याला भाषा नसते.

शाल-श्रीफळ नको, असं मी आधीच कळवलं होतं. त्याऐवजी मांडवाच्या दाराशी दोडक्याच्या आणि घेवड्याच्या बियांच्या पुड्या ठेवल्यात. जाताना एकेक उचला. दोडक्याचं बी रात्रभर भिजत घाला, आणि आळं भिंतीपासून दोन हात लांब करा, नाहीतर पाणी पायात मुरतं आणि घरातली माणसं मला शिव्या घालतील.