मागचा आस



आम्ही दोघे भाऊ सीपरी बाजारात राहतो. वडिलांची १९६२ सालची अँबॅसडर दारात उभी आहे. २०१४ साली उत्तरपाड्यास अँबॅसडर बनणे थांबले. मग तिला मोडीत काढण्यास मन धजेना.

ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढत असे. दोनदा ब्रेक-शू बदलले, दोष तसाच. एके दिवशी मातोश्री मागे बसल्या असताना सायकलस्वार थोडक्यात वाचला, तेव्हा आमचे डोळे उघडले. उजव्या मागच्या चाकाचा ड्रम काढला, तो आत तेलच तेल! हबमधील सील झिजून डिफरन्शियलचे तेल ब्रेकच्या अस्तरात मुरले होते. दोष ब्रेकचा नव्हे, आसाचा. (मिस्त्री 'एक्सल' म्हणत, 'आस' हा शब्द मातोश्रींनी माहेरच्या बैलगाडीबरोबर आणलेला.)

बेअरिंग, सील, अस्तरे नवी घातली. क्राऊन-पिनियनचे दात शाबूत होते, त्यांना हात लावला नाही. सिलिंडरातील रबरी वाट्या मात्र फुगलेल्या. पूर्वी आम्हीच त्या रॉकेलने धुतल्या होत्या! खनिज तेल त्या रबरास सोसत नाही, ब्रेकच्या तेलानेच त्या धुवाव्या लागतात.

नळ्यांतील हवा काढताना पेडल दाबण्यास मातोश्रीच बसल्या. आता गाडी सरळ थांबते. त्या मात्र अजून पुढची सीट घट्ट धरूनच बसतात.