पुन्हा कामावर
कामगार आजारी पडला की विचारपूस सगळे करतात. बरा होऊन दाराशी उभा राहिला की कोणी विचारीत नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या दिवसाविषयी.

राज्य कामगार विमा योजना 1952 मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात आजारपणी 70 टक्के वेतन वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस मिळते. कामावर इजा झाल्यास तात्पुरते अपंगत्व टिकेल तोवर 90 टक्के. उल्हासनगरला योजनेचे रुग्णालयही आहे. पण 'कामास योग्य' असा दाखला मिळाला म्हणजे हात पूर्ववत झाला असे नव्हे. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यात प्रेसवर बोटे गमावलेल्या माणसाला त्याच प्रेससमोर उभे केले, तर त्याच्या छातीत धडकी भरते. मालकाला ती कामचुकारी वाटते! त्याला महिनाभर मालमोजणीस बसवावे, दिवस अर्धा करावा, मग हळूहळू यंत्राजवळ न्यावे. बदलापूरहून लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून येणे, हीच त्याची पहिली पाळी असते. हजेरीची वेळ तासभर पुढे नेली तरी पुष्कळ.

उल्हासनगरच्या शिलाईच्या लहान गाळ्यांत दहा माणसेही नसतात. तेथे योजना बहुधा पोचत नाही. मजुरी नगावर. तिसऱ्या दिवशी मशीनवर दुसरा कारागीर बसतो. रदबदलीस डॉक्टर जात नाहीत, युनियन तेथे नसते. आपण दोघेतिघे शेजारी गेलो, तर मालक निदान बसा म्हणतो.