श्वासपटल : छातीखालचा घुमट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिना चढताना मध्ये कोणी थांबत नव्हतं. आता प्रत्येक वळणावर कोणीतरी कठडा धरून उभं दिसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं हो!" म्हणून सेक्रेटरींनी बोलायला सांगितलं तेव्हा बँक बाजूला ठेवून मी हा विषय घेतला. मी डॉक्टर नाही. वाचलेलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलेलं तेवढंच सांगतो.

फुप्फुसं स्वतः हवा ओढत नाहीत. ते काम मुख्यतः श्वासपटलाचं. नातवंडांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द सापडेल. डॉक्टर डायफ्राम म्हणतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला हा स्नायू आकुंचन पावला की सपाट होत खाली सरकतो, खालच्या बरगड्या फाकतात, छातीत जागा होते आणि हवा आत येते. खाली पोटातले अवयव दाबले जातात, म्हणून पोट पुढे येतं. उचकी लागते तीही याच स्नायूला झटका बसल्यामुळे, कोणी आठवण काढली म्हणून नव्हे! मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसाचे 21,600 होतात. आपल्या योगपरंपरेतही हाच आकडा सांगतात. बँकेच्या सवयीने गुणाकार करून पाहिला, हिशेब जुळतो.

यावर आपल्या महाराष्ट्रातच मोठं काम झालंय. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि उड्डियान, नौली करताना पोटात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासलं. त्याच वर्षी निघालेल्या 'योगमीमांसा' त्रैमासिकात ते छापलं. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून छाती फुलवतात, तेव्हा श्वासपटल वर ओढलं जातं. पण रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आपल्यासाठी साधा प्रकार पुरे. उताणं झोपा, गुडघे वाकवा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा फारसा हलू नये. सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. चक्कर आली तर थांबा. याने रक्तदाब थोडा उतरतो असं दिसलंय, पण म्हणून कोणी गोळी बंद करू नका. पाण्याची बादली उचलताना श्वास कोंडून धरायची आपल्याला सवय असते, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडा. जिन्यावरही श्वास न कोंडता, सावकाश सोडत चढा.

जुनी धाप असलेल्यांचं मात्र वेगळं आहे. फुप्फुसं फुगून राहिली की श्वासपटल आधीच सपाट झालेलं असतं, त्यांना पोटाने श्वास घेण्याचा आग्रह धरू नये. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून हळू श्वास सोडणं त्यांना सोपं जातं.

आणि आपण राहतो भिवंडीत. किती घरांतली माणसं लूमवर, सायझिंगमध्ये, कापडाच्या गोदामात राबली! कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा एक आजार होतो, बिसिनोसिस. सूतगिरणीच्या पिंजणखात्यात तो जास्त, पण कापसाचे तंतू मागावरही उडतातच. सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. अशा माणसाला घरच्यांनी "वय झालं" म्हणून बसवून ठेवू नये. नळीत जोराने फुंकायची एक तपासणी असते, स्पायरोमेट्री. थोड्या वेळात होते, दुखत नाही. डॉक्टरांना काय काम करत होतो तेही सांगा, पुष्कळ जण ते सांगतच नाहीत. आडवं झोपल्यावर धाप लागत असेल, पायावर सूज असेल किंवा छातीत दुखत असेल, तर व्यायाम राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

येत्या रविवारपासून सकाळी सात वाजता गच्चीवर आपण हा सराव करणार आहोत. चटई आपापली आणावी, आणि येण्यापूर्वी फक्त चहा घ्यावा, नाश्ता नको.