पुन्हा पळायला लागताना



शाळेत असताना आपल्यातल्या कितीतरी जणी पळायच्या. खो-खो, लंगडी, शंभर मीटरची शर्यत. मग शाळा सुटली, लग्न झालं, पोरं झाली आणि पळणं सुटलं ते सुटलंच. आता चाळिशीत पुन्हा पळावंसं वाटलं तर जमेल का? आज त्यावरच बोलू.

आधी एका बाईची गोष्ट ऐका. अमेरिकेत बोस्टन शहरात दरवर्षी मॅरेथॉन होते. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. १९६७ साली ही शर्यत पुरुषांचीच, असं धरून चालत. कॅथरीन स्विट्झर नावाच्या वीस वर्षांच्या मुलीने अर्जावर नावाची नुसती आद्याक्षरं आणि आडनाव लिहिलं. तिला २६१ नंबर मिळाला. ती पळत असताना एक अधिकारी मागून आला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओढायला लागला. सोबतच्या मित्राने त्याला बाजूला ढकललं. तिने शर्यत पुरी केली. एवढं पळालं तर बाईचं गर्भाशय खाली येतं, असं तेव्हा तिकडेही बोललं जायचं! बोस्टनमध्ये बायकांना रीतसर परवानगी मिळाली १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती तर १९८४ साली.

कॅथरीनची सगळ्यात चांगली वेळ १९७५ सालची, २ तास ५१ मिनिटं. १९७६ नंतर ती बोस्टनला पळाली नाही. थेट २०१७ साली, सत्तराव्या वर्षी, तोच २६१ नंबर लावून ती तिथं पुन्हा उतरली. या वेळी ४ तास ४४ मिनिटं लागली. म्हणजे जवळजवळ दोन तास जास्त. पण ४२ किलोमीटर पुरे झाले ना!

यातून आपण एवढंच घ्यायचं, की परत येताना जुनं घड्याळ घरी ठेवायचं. पळायचंय ते आजच्या शरीराने.

आमच्या गटातल्या आम्ही काही जणी पहाटे पळायला लागलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात लोकांनी विचारलं, "काय गं, गाय सुटली का कुणाची?" आम्ही हसलो आणि पळत राहिलो. एकटी असती तर घरी परतली असती. म्हणून जोडीने निघा. धारा आणि डबे कुणी बघायचे, ते आदल्या रात्रीच घरात ठरवा. सकाळी ठरवायला गेलं की पळणं राहून जातं.

आता रीत सांगतो. पहिले दोन-तीन आठवडे अर्धा तास झपझप चाला, बस. मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं आलटून पालटून. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं तर वेग जास्त आहे. एक दिवसाआड पळा.

महिनाभरात दम वाढतो आणि वाटतं, आता जोरात जावं. इथंच सांभाळा. दम लवकर परत येतो, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर भक्कम व्हायला महिने लागतात. नडगी, घोटा, गुडघा दुखतो तो याच वेळी. दुखणं पळताना वाढत गेलं तर थांबा, चार दिवस विश्रांती घ्या. चपला नकोत, मापाचे बूट घ्या.

सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासा. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर आधी औषध घ्या, आहार सुधारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जा.

आणखी एक, जे आपण कुणाला सांगत नाही. पळताना, खोकताना लघवीचे थेंब जातात? बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं. त्यावर व्यायाम आहेत, सिस्टरला विचारा. पळण्याने गर्भाशय गळून पडत नाही. पण अंग बाहेर आल्यासारखं, जड वाटत असेल, तर पळण्याआधी दाखवून घ्या. लाजू नका.

मॅरेथॉन पळायची की गावच्या वेशीपर्यंत, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: उद्या पहाटे कोण कोण येणार? दोन हात वर झाले तरी पुरे.