यादी कोणी करायची?

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर घोंगड्या वाटायच्या होत्या. गरजूंची यादी मी कार्यालयात बसूनच केली. वाटप झाल्यावर एक आजी म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला विचारलं असतंस तर खरी गरज कुणाला आहे ते सांगितलं असतं." दोन विधवांची नावे माझ्या यादीत नव्हतीच. हेतू चांगला होता, पण निर्णय माझ्या एकट्याचा होता.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ आठवा. रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. तेव्हा प्रेषितांनी मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली. भाकरीच्या प्रश्नाला त्यांनी प्रतिनिधी निवडून उत्तर दिले.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव पाहा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने लाखो हातांना काम दिले. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यासाठी नोकरदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला गेला. शहरातल्या कमाईचा वाटा खेड्यातल्या मजुरापर्यंत पोहोचला, आणि तो दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून. तरी कोणते काम काढायचे हे बहुतेक वेळा वरूनच ठरत असे.

पुढची पायरी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवली. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना हाती नसेल तर तो विकणार कसा? २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले आणि गाव व्यापाऱ्यासमोर मालक म्हणून बसले.

म्हणून मी बाजाराला वाईट म्हणत नाही. आदिवासी बांधवालाही आपला माल चांगल्या भावाने विकायचा आहे. पण ज्याच्या घरात उद्याचे धान्य नाही, तो मिळेल त्या भावाला विकतो. ज्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडते, ती ग्रामसभेला येऊ शकत नाही. आणि ती आली नाही, तर तिच्या वाट्याचा निर्णय दुसराच कोणीतरी घेतो. पोटाला आधार, मालाला भाव आणि सभेत आवाज, यांतले एक काढले की उरलेली दोन लंगडी पडतात.

आपल्या देणग्यांनी अनेक घरांत ऊब पोहोचली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यापुढे मात्र आमच्या अहवालात किती घोंगड्या वाटल्या एवढेच पाहू नका. यादी कोणी केली, हेही आम्हाला विचारा. त्या आजींनी मला विचारले होते, तसेच विचारा.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.